कार्बोरेटर बदलला, पण किकडाउनच्या रॉडचे काय?

प्रश्न : माझ्या जुन्या डॉज गाडीला टॉर्कफ्लाइट ७२७ हा ३ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. मूळचा दोन बॅरलचा कार्बोरेटर काढून मॅनिफोल्डसह (कार्बोरेटर ज्यावर बसतो तो भाग) चार बॅरलचा होली कंपनीचा कार्बोरेटर बसवला, तेव्हा किकडाउनचा रॉड (कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारा दांडा) नव्या लिव्हरला जुळेना, म्हणून तो तारेने बांधून ठेवला आहे. गिअर फार लवकर आणि अगदी मऊ पडतात, एवढाच फरक जाणवतो. गाडी अशीच चालवली तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही, रॉड जोडेपर्यंत गाडी उभीच ठेवावी. ‘किकडाउन’ या नावाने पुष्कळांची फसगत होते. जनरल मोटर्सच्या टीएच ३५० या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तशी केबल खरोखरच ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडण्यापुरती असते, कारण इंजिनवरचा भार त्या गिअरबॉक्सला इंजिनाच्या व्हॅक्यूमवरून (आत खेचणाऱ्या दाबावरून) समजतो. आपल्या टॉर्कफ्लाइटमध्ये ती सोय नाही. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी कार्बोरेटरची झडप) किती उघडला आहे हे त्याला केवळ या रॉडमुळे कळते आणि त्यानुसार आतल्या तेलाचा दाब वाढतो. रॉड सुटलेला असला की इंजिन जोर लावत असतानाही दाब कमीच राहतो, गिअरबॉक्सच्या आतले क्लच आणि बँड (ड्रम आवळून धरणारे पट्टे) घसरतात, तापतात आणि जळतात. आपल्याला जाणवणारा मऊपणा म्हणजे हीच घसरण आहे.

होलीच्या लिव्हरला क्रायस्लरच्या गिअरबॉक्ससाठी (टॉर्कफ्लाइट त्यांचाच) जोडपट्टी तयार मिळते, तीच घ्यावी. घरी पत्रा कापून पट्टी करण्याचा मोह होतो, परंतु थ्रॉटलच्या दांड्यापासून रॉडची पिन किती अंतरावर आणि कोणत्या कोनात आहे, यावर रॉडची चाल ठरते. मॅनिफोल्ड बदलल्यामुळे कार्बोरेटरची उंचीही बदलली असेल, तेव्हा रॉडची लांबी नव्याने लावावीच लागेल.

इंजिन बंद ठेवून, चोक पूर्ण उघडून थ्रॉटल आयडलवर आणावा. गिअरबॉक्सचा लिव्हर पुढच्या टोकाला धरून, रॉडच्या खाचेची मागची कड पिनला जेमतेम टेकेल इतकी लांबी ठेवावी. नंतर दुसऱ्या कोणाला तरी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगून, थ्रॉटल पूर्ण उघडतो त्याच वेळी गिअरबॉक्सचा लिव्हर मागच्या टोकाला पोहोचतो का, हे पाहावे. लिव्हर आधीच अडला तर थ्रॉटल पूर्ण उघडणार नाही. मागे राहिला तर दाब अपुरा पडेल. पाय काढताच थ्रॉटल कुठेही न अडकता मिटला पाहिजे, म्हणून रॉडची स्प्रिंग वगळू नये.

आतापर्यंत गाडी किती चालवली, ते आपण लिहिलेले नाही. तेल काळपट झाले असेल किंवा त्याला जळका वास येत असेल, तर रॉड लावण्याआधी गिअरबॉक्सचे पॅन (तळाचे तेलाचे भांडे) उघडून पाहावे.