'यामा' नव्हे, यम. आणि यम म्हणजे जुळा

विचारणा अशी आहे: पेशींच्या ठरवून होणाऱ्या मृत्यूवरच्या १९९५ च्या एका पेपरमध्ये कॅस्पेज-३ ला (पेशी मरताना तिची प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमला) 'यामा' म्हटलंय, हा शब्द जपानी आहे का? आणि प्रोकॅस्पेजच्या, म्हणजे कॅस्पेजच्या निजलेल्या रूपाच्या, 'अ‍ॅक्टिव्हेशन'ला मराठीत 'निर्मिती' म्हटलं तर चालेल का?

नाही, आणि नाही.

हे 'यामा' ऐकलं की माझं डोकं फिरतं. जपानीत यामा म्हणजे डोंगर, त्याचा इथे काही संबंध नाही. हा आपला यम आहे, रेड्यावर बसणारा, फक्त रोमन लिपीतून फिरून आलेला. योगाचं योगाऽ केलं, रामाचं रामाऽ केलं, आता मराठी माणसंच यमाला काना लावून बोलतात. मिशिगन विद्यापीठातल्या विश्व दीक्षित यांच्या गटाने मृत्यूदेवावरून हे नाव दिलं. तेव्हा याच एन्झाइमला सीपीपी३२ आणि अपोपेन अशी आणखी दोन नावं होती, गोंधळ फार झाला म्हणून १९९६ मध्ये संशोधकांनी मिळून कॅस्पेज हे कुळनाव ठरवलं: सिस्टीन या अमिनो आम्लाच्या जोरावर प्रथिनं कापतो, अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या लगेच पुढे कापतो, आणि शेवटी एन्झाइमांचा नेहमीचा प्रत्यय. त्यात फार काही नाही.

खरी गंमत यम शब्दात आहे. यम म्हणजे जुळा! ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यम आणि यमी यांचा संवाद आहे, ती जुळी भावंडं. यमलार्जुन म्हणजे अर्जुनाची जोडझाडं, कृष्णाने उखळ अडकवून पाडलेली. आणि कवितेत आपण 'यमक जुळवतो' ते तेच, म्हणजे बोलताना नकळत एकच अर्थ दोनदा म्हणतो. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातल्या गाथांमध्ये दोन आदिशक्तींना जुळ्या म्हणताना हाच शब्द आहे, आणि पार लाटवियात एका देठाला आलेल्या जोडफळाला 'युमिस' म्हणतात. इतकं सगळं समोर असताना आपले कोशवाले यम् धातूवरून 'नियमन करणारा, आवरणारा' एवढंच देऊन थांबतात. संयम, नियम, यम-नियम हे त्या धातूचे, कबूल. पण ज्याच्या जुळ्या बहिणीचं नाव यमी आहे त्या देवाच्या नावाला ती व्युत्पत्ती लावणं मला साफ अमान्य आहे, ते नंतर जुळवलेलं आहे.

आता एन्झाइम बघा. जागा झालेला कॅस्पेज-३ कधीच एकटा नसतो. एक मोठा तुकडा सुमारे १७ किलोडाल्टनचा (हे रेणूंच्या वजनाचं माप), एक छोटा १२ चा, त्या दोघांचा मिळून एक अर्धा, आणि तसाच हुबेहूब दुसरा अर्धा त्याला उलट दिशेने चिकटलेला. कापणाऱ्या जागाही दोन, दोन टोकांना. म्हणजे जुळाच की! नाव ठेवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर मृत्यू होता पण शब्दाने रचनाही सांगून टाकली. माझं तर म्हणणं आहे की जुळेपण हाच या अख्ख्या कुळाचा स्वभाव आहे. कॅस्पेज-८ आणि ९ हे सुरुवात करणारे, ते पेशीत सुटे सुटे पडून असतात. मायटोकाँड्रियातून सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर आलं की अ‍ॅपाफ-१ या प्रथिनाच्या सात रेणूंची चाकासारखी रचना होते आणि त्या चाकावर कॅस्पेज-९ गोळा होतात, तर पेशीच्या बाहेरून मरायचा निरोप आला की पडद्यापाशी कॅस्पेज-८ एकमेकांजवळ आणले जातात, आणि जोडी जमली की काम सुरू. तिथे ते स्वतः कापले जाणं ही नंतरची गोष्ट. 'आवरणारा' हा अर्थ तर इथे उलटाच पडतो, कारण यमालाच धरून ठेवणारं एक्सआयएपी नावाचं वेगळं प्रथिन पेशीत असतं.

कॅस्पेज-३ चं मात्र वेगळं आहे. तो निजलेला असतानाही जोडीनेच असतो, पण त्याची अमिनो आम्लांची साखळी अखंड असते म्हणून कापणारी जागा नीट बसलेली नसते. ८ किंवा ९ ने १७५ व्या अ‍ॅस्पार्टिक आम्लापुढे छेद दिला की मोठा आणि छोटा तुकडा सुटे होतात, सैल वेटोळी सरकतात, आणि १६३ व्या जागेवरचं सिस्टीन कामाला लागतं. मग डीएनए दुरुस्त करणारं पार्प कापलं जातं, डीएनएचे तुकडे करणाऱ्या एन्झाइमला अडवून ठेवणारं प्रथिन कापलं जातं, आणि पेशी आवरायला घेते.

म्हणून 'निर्मिती' चुकीचं आहे. निर्मिती आधीच झालेली असते, प्रोकॅस्पेज धडधाकट जिवंत पेशीतही तयार होऊन पडलेला असतो. 'सक्रिय होणं' लिहा, नाहीतर सरळ 'जागं होणं' लिहा, पण ८-९ बद्दल लिहिताना ते जोडी जुळल्याने आणि ३ बद्दल लिहिताना साखळी कापल्याने, हे त्याच वाक्यात आलंच पाहिजे.