आठ दिवसांचे पंतप्रधान : एका तरुण उपाध्यक्षास पत्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. अध्यक्षांच्या अकस्मात निधनानंतर प्रभारी म्हणून तू संस्था सांभाळलीस, पण कायमच्या पदासाठी कार्यकारिणीने दुसऱ्याची निवड केली. म्हणून उपाध्यक्षपदाचाही राजीनामा द्यावा आणि त्यात मनातले सारे लिहून टाकावे, असे तुला वाटते आहे. निर्णय तुझाच आहे. तो घेण्यापूर्वी ऑस्ट्रेलियाच्या दोन अल्पकालीन पंतप्रधानांचा विचार तू करावास, एवढीच माझी विनंती आहे.

पहिले फ्रँक फोर्ड. १८९० साली क्वीन्सलंडमधील मिचेल या लहान गावी त्यांचा जन्म झाला. आईवडील आयर्लंडहून आलेले. शिकवण्याचे काम, रेल्वेतील कारकुनी आणि मग टपाल व तार खात्यातील नोकरी, असा त्यांचा राजकारणापूर्वीचा प्रवास आहे. १९१७ मध्ये ते रॉकहॅम्प्टनमधून राज्याच्या विधानसभेत आणि १९२२ मध्ये कॅप्रिकॉर्निया मतदारसंघातून संघीय संसदेत गेले. १९३२ पासून ते मजूर पक्षाचे उपनेते होते, त्यामुळे १९३५ मध्ये नेतेपद रिकामे झाले तेव्हा ते आपल्याकडेच येईल असे त्यांना वाटले असेल तर त्यात नवल नाही. तथापि मंदीच्या काळात सरकारी खर्च आणि वेतने कमी करण्याच्या योजनेला त्यांनी दिलेला पाठिंबा पक्षातील अनेकांच्या मनात सलत होता. जॉन कर्टिन अवघ्या एका मताने निवडून आले.

पुढची दहा वर्षे फोर्ड त्याच कर्टिन यांचे उपनेते राहिले, आणि मला त्यांच्या चरित्रात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा भाग, कारण तो कोणाच्या फारसा लक्षात राहत नाही. १९४१ मध्ये पक्ष सत्तेवर आल्यावर भूसेना खाते त्यांच्याकडे आले. काही महिन्यांतच सिंगापूर पडले, सुमारे १५,००० ऑस्ट्रेलियन सैनिक जपानच्या कैदेत गेले आणि १९ फेब्रुवारी १९४२ रोजी डार्विनवर बॉम्ब पडले. ज्या माणसाकडून आपण एका मताने हरलो त्याच्या मंत्रिमंडळात अशा काळात असे खाते सांभाळायचे, तर जुना हिशेब बाजूला ठेवल्याशिवाय चालत नाही.

५ जुलै १९४५ रोजी कर्टिन पंतप्रधानपदावर असतानाच वारले. दुसऱ्याच दिवशी फोर्ड यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. १२ जुलैला पक्षाच्या खासदारांनी नेता निवडला तेव्हा बेन चिफली यांना ४५ आणि फोर्ड यांना १६ मते पडली, आणि १३ तारखेला चिफली यांचा शपथविधी झाला. माझ्या मते ही निवड योग्यच होती. चिफली युद्धकाळातील अर्थमंत्री होते आणि संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठी फोर्ड सॅन फ्रान्सिस्कोला गेले असताना सरकारचा कारभार त्यांनीच पाहिला होता. आपल्याला डावलून झालेली निवड योग्यही असू शकते, हे मान्य करणे फार जड जाते. तुझ्या बाबतीत तसे आहे की नाही ते मी इथून सांगू शकत नाही, पण हा प्रश्न तू स्वतःला एकदा प्रामाणिकपणे विचारावास. फोर्ड उपनेतेपदावर आणि भूसेना खात्यातच राहिले.

या वागण्याचे फळ त्यांना मिळाले असे मी तुला सांगणार नाही. युद्ध संपल्यावर सैनिकांना घरी पाठवण्याचे काम संथ चालल्याची नाराजी त्यांच्या खात्यावर आली आणि १९४६ च्या निवडणुकीत, सैन्यातून परतलेल्या चार्ल्स डेव्हिडसन यांच्याकडून ते हरले. नंतर ते १९५३ पर्यंत कॅनडात उच्चायुक्त होते, आणि १९५५ मध्ये, पासष्टीच्या घरात, पुन्हा क्वीन्सलंडच्या विधानसभेत आमदार म्हणून बसले. एकदा देशाचे पंतप्रधान झालेल्या माणसाला ते काम हलके वाटले नाही, याचा मला मनापासून आदर वाटतो.

दुसरे अर्ल पेज. एप्रिल १९३९ मध्ये आघाडी सरकारचे पंतप्रधान जोसेफ लायन्स यांच्या निधनानंतर ते १९ दिवस पंतप्रधान होते. ते शल्यचिकित्सक होते, पहिल्या महायुद्धात सैन्याबरोबर गेले होते आणि कंट्री पक्षाचे अनेक वर्षांचे नेते होते; त्यांची योग्यता फोर्ड यांच्याहून कमी नव्हती. मात्र आघाडीतील दुसऱ्या, म्हणजे लायन्स यांच्या पक्षाने रॉबर्ट मेंझिस यांना नेता निवडल्यावर पेज यांनी २० एप्रिलला भर सभागृहात मेंझिस यांच्यावर वैयक्तिक हल्ला चढवला आणि ते महायुद्धात लढायला गेले नाहीत हेसुद्धा काढले. मेंझिस पंतप्रधान झालेच. पेज यांच्या स्वतःच्या पक्षातील आर्थर फॅडन यांच्यासारखे सदस्य त्या भाषणामुळे दुरावले, आणि सप्टेंबरपर्यंत पेज यांचे नेतेपदही गेले. पुढे त्याच मेंझिस यांच्या हाताखाली ते १९४९ पासून १९५६ पर्यंत आरोग्यमंत्री होते आणि त्या खात्यात त्यांनी भरीव काम केले. ज्याच्याबरोबर पुढे इतकी वर्षे काम करायचे होते, त्याच्याविषयीचे ते शब्द संसदेच्या नोंदीत कायमचे राहिले.

तेव्हा राजीनामा द्यायचाच असेल तर चार ओळींचा दे, आणि नव्या अध्यक्षांविषयी त्यात एक अक्षरही लिहू नकोस. राहायचे ठरवलेस तर पहिल्याच भेटीत त्यांच्याकडून एखादे काम पूर्ण अधिकारासह मागून घे, कारण नुसत्या नावाच्या उपाध्यक्षपदावर मनातली कटुता वाढतच जाते. तुझा ज्या बाबींना विरोध आहे त्या त्यांना समक्ष सांग. प्रभारी असताना तू सुरू केलेल्या आणि अर्ध्यावर राहिलेल्या कामांचे टिपण मात्र, तू राहा वा जा, या आठवड्यातच तयार करून त्यांच्या हाती दे.

तुझा हितचिंतक