स्वस्त डिजिटल ऑसिलोस्कोप फ्रिक्वेन्सी चुकीची दाखवतोय, फर्मवेअरचा (आतल्या सॉफ्टवेअरचा) बग असेल का?

असू शकतो, पण आधी अलायसिंग (नमुने कमी पडल्याने वेव्ह खऱ्यापेक्षा संथ दिसणं) तपासा. टाइमबेस (पडद्यावरचा आडवा वेळेचा स्केल) सावकाश केला की मेमरी पुरावी म्हणून स्कोप सॅम्पल रेट (सेकंदाला घेतलेले नमुने) स्वतःच खाली आणतो. मग 1 मेगाहर्ट्झची वेव्ह काही किलोहर्ट्झची दिसते, तीही अगदी स्वच्छ, म्हणून फसायला होतं.

डिफॉल्ट सेटअप करून प्रोब स्कोपच्याच कॅलिब्रेशन पिनला लावा (बहुतेक मॉडेल्सवर 1 किलोहर्ट्झ). दोन-तीन आवर्तनं पडद्यावर ठेवा. कर्सरने (पडद्यावरच्या सरकवता येणाऱ्या मोजमाप-रेषांनी) एका आवर्तनाला 1 मिलिसेकंद येतंय आणि ऑटो मेजरमेंट मात्र भलतंच सांगतंय, तर संशय फर्मवेअरवरच. तोवर कर्सरनेच मोजा.

फर्मवेअर अपडेट करण्याआधी ते तुमच्या स्कोपच्या हार्डवेअर व्हर्जनशी जुळवाच. अपडेट चालू असताना मधेच वीज गेली तर स्कोप पुन्हा सुरू न होण्याची भीती असते. अपडेटनंतर स्कोप अर्धा तास तापू द्या, प्रोब काढा आणि सेल्फ-कॅलिब्रेशन करा.