समुद्रसिंह पन्नास वर्षांपूर्वी काय खात होते, हे आज कसं कळतं?

समुद्रसिंहांच्या आहाराची ‘वर्षानुवर्षांची नोंद’ शास्त्रज्ञांकडं येते कुठून, ही तुमची शंका रास्त आहे. समुद्रसिंह (सी लायन, सीलसारखा समुद्री सस्तन प्राणी) खातो पाण्याखाली, तेही किनाऱ्यापासून लांब जाऊन. मग त्याचा आहार अमुक सालापासून बदलला असं शास्त्रज्ञ छातीठोकपणे कसं सांगतात? बघायला कोण गेलं होतं?

मी परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडचा. समुद्र आमच्यापासून चारशे किलोमीटर तरी लांब, आणि समुद्रसिंह तर भारताच्या किनाऱ्यावर नसतोच. पण एखाद्या जनावरानं काय खाल्लं, हे त्यानं मागं टाकलेल्या घाणीतून शोधायचं काम मी एमएस्सीला केलंय. पद्धत जवळपास तीच.

माझा प्राणी होता गव्हाणी घुबड. ते उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेले केस-हाडं गोळा करून तोंडावाटे टाकतं. आमच्या गल्लीतल्या एका पडक्या वाड्यात माळवदाखाली अशा गोळ्यांचा ढीग पडलेला असायचा. मी त्या परातीत भिजवायचो, चिमट्यानं सोडवायचो आणि जबडे वेगळे काढायचो. उंदराच्या जबड्यात पुढं पटाशीचे दात आणि मग मोकळी जागा असते. चिचुंद्रीचे दात अणकुचीदार आणि सलग. एवढ्या फरकावर हिशेब चालायचा. आईनं ती परात परत स्वयंपाकघरात घेतली नाही, ही गोष्ट वेगळी.

समुद्रसिंहाचंही असंच. तो विश्रांतीला आणि पिलांसाठी किनाऱ्यावर येतो, तिथं घाण करतो. ती पिशव्यांत भरून आणायची, पाण्यात भिजवायची, एकाखाली एक लावलेल्या चाळण्यांतून धुवायची. शेवटच्या चाळणीची छिद्रं अर्ध्या मिलिमीटरची. त्यात अडकतात माशांच्या कानातले खडे. माशाच्या डोक्यात, तोल सांभाळण्यासाठी, चुन्याचे छोटे खडे असतात, आणि प्रत्येक जातीत त्यांची घडण निराळी. बाजारातून मरळ आणली तर डोकं उकडून बघा, कवटीच्या खालच्या बाजूला तांदळाच्या कणीसारखा पांढरा खडा सापडेल. खड्याच्या आकारावरून मासा केवढा होता याचाही अंदाज बांधता येतो. म्हाकूळ (स्क्विड) खाल्लं असेल तर त्याची पोपटासारखी चोच मिळते, कारण ती पचत नाही. कॅलिफोर्नियाच्या बेटांवरून १९८० च्या दशकापासून अशी विष्ठा गोळा होतेय. तुम्ही विचारलंत ती ‘वर्षानुवर्षांची नोंद’ म्हणजे मुख्यतः ही.

यात खोट आहेच. बारीक माशांचे खडे पोटातल्या आम्लात विरघळून जातात, म्हाकुळाच्या चोची मात्र पोटात साठून राहतात. शिवाय एखाद्यानं मोठ्या माशाचं डोकं टाकून नुसतं धड खाल्लं, तर त्या माशाचा मागमूसच नाही. म्हणून पाळलेल्या समुद्रसिंहांना मोजून मासे घालायचे, खड्यांपैकी किती बाहेर येतात ते बघायचं आणि त्या प्रमाणात आकडे दुरुस्त करायचे, असा उद्योग करावा लागतो. आता विष्ठेतल्या डीएनएवरूनही माशाची जात ओळखतात. विष्ठा गोळा करायला लागायच्या आधीच्या काळात, ‘हे आमचे मासे खातात’ अशी कोळ्यांची ओरड झाली की जनावर मारून पोट फाडायचे. जुन्या नोंदी बऱ्याचशा तशाच आल्यात.

पण विष्ठा सांगते ती काल-परवाची गोष्ट. चाळीस-पन्नास वर्षं मागं जायचं तर संग्रहालयांतल्या कवट्या आणि दात. समुद्रसिंहाच्या दातात झाडाच्या खोडासारखे वर्षाला एक असे थर पडतात. मिशीचा केसही काही वर्षं गळत नाही, वाढत राहतो. त्याचे तुकडे केले की मागची वर्षं एकामागून एक वाचता येतात. वाचायचं काय, तर कार्बन आणि नायट्रोजनचे जड-हलके प्रकार, म्हणजे समस्थानिकं.

हे आपल्या ताटावरून समजून घ्या. ज्वारी, बाजरी, मका, ऊस या पिकांत जड कार्बनचं प्रमाण गहू, तांदूळ, तूर, हरभऱ्यापेक्षा जास्त असतं. माझ्या आजीनं जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्ली, माझा मुलगा पोळीशिवाय जेवत नाही. दोघांचे केस समस्थानिकं मोजायच्या यंत्रात घातले तर कोण कुठल्या पिढीचं हे न सांगता ओळखू येईल. समुद्रात किनाऱ्यालगतच्या अन्नात जड कार्बन जास्त असतो, खोल समुद्राकडे कमी. जड नायट्रोजन अन्नसाखळीत एकेक पायरी वर जाताना सुमारे तीन-चार सहस्रांशानं वाढतो. दातातला पहिला थर बघितला तर पिल्लू आईपेक्षा एक पायरी वर दिसतं, कारण दूध पिताना ते एका अर्थी आईलाच खात असतं! मला यातलं सगळ्यात आवडलेलं हेच. आणखी एक भानगड अशी की कोळसा-तेल जाळून माणसानं हवेतला कार्बनच हलका करून ठेवलाय, त्यामुळं जुना आणि नवा दात शेजारी ठेवताना तेवढी वजावट करावी लागते.

लोक या यंत्राला फार मानतात, मी तेवढं मानत नाही. १९७२ च्या दुष्काळात आमच्याकडं रेशनवर लाल मिलो आली होती, अमेरिकेतून. आजी आजही तिचं नाव काढलं की तोंड वाकडं करते. पण मिलो म्हणजेही ज्वारीच. आजीच्या हाडांना विचारलं तर ती ‘ज्वारी’ एवढंच सांगतील. तसंच एकाच पायरीवरचे, एकाच पाण्यातले दोन मासे समस्थानिकांना सारखेच दिसतात. माशाचं नाव हवं असेल तर चाळणीच धुवावी लागते.

आणि नावावरच सगळं अडतं. अलास्काच्या पश्चिमेकडचे स्टेलर समुद्रसिंह १९७० च्या दशकानंतर झपाट्यानं घटले. त्या काळात त्यांच्या खाण्यात हेरिंगसारखे तेलकट मासे कमी होऊन पोलॉक हा कमी चरबीचा मासा वाढला होता. व्हँकुव्हरच्या मत्स्यालयात समुद्रसिंहांना हेरिंगवरून पोलॉकवर आणलं, पाहिजे तेवढं खाऊ दिलं, तरी त्यांचं वजन घटलं. पोट भरलं, अंगी लागलं नाही. घट फक्त यामुळंच झाली का, यावर अजून वाद आहे. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उपाशी पिल्लं मोठ्या संख्येनं आली, तेव्हाही आसपासच्या पाण्यात सार्डिन आणि अँचोव्ही कमी होते आणि माद्या रॉकफिश, म्हाकूळ यांवर भागवत होत्या.

संग्रहालयातल्या हाडांनी मात्र उलटीच गोष्ट दाखवली. १९६२ ते २००८ या काळातल्या कॅलिफोर्नियातल्या कवट्या तपासल्या, तर समुद्रसिंहांची संख्या खूप वाढूनही नर लहान व्हायच्याऐवजी मोठे होत गेलेले दिसले. गर्दी वाढली तशी त्यांनी खाण्याची यादीही वाढवली आणि ते लांबवर चरायला गेले. माद्यांच्या आकारात तसा फरक नाही.

तुम्ही परभणीकडचे असाल आणि हे हातानं करून बघायचं असेल, तर त्या वाड्यात घुबडाच्या गोळ्या अजून पडतात. परात तेवढी तुमची आणा.