‘पोस्ट निघाल्यावर बघू’

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वय २७, बी. एस्सी. कृषी, केजजवळचं गाव, पाच वर्षं पुण्यात. एमपीएससीच्या राज्यसेवेची पूर्व परीक्षा दोनदा निघाली, मुख्य एकदाही नाही. अभ्यासिकेत भेटलेली मैत्रीण तयारी सोडून लातूरला बँकेत लागली. तिच्या घरी आता स्थळं बघताहेत आणि तू विचारतोस, ‘सर, अभ्यासासाठी हे नातं तोडू का?’

तिला तू आजवर काय सांगत आलास, तेही तूच लिहिलंयस : ‘पोस्ट निघाल्यावर बघू.’ म्हणजे निवड झाल्यावर. बहिणीच्या साखरपुड्याला न जाण्याचं कारणही तेच. तुझा अभ्यास तिच्यामुळे अडलेला नाही, बाळा. सकाळी सात ते रात्री अकरा अभ्यासिकेत असतोस म्हणतोस. त्यातले किती तास टपरीवर ‘यंदा जागा किती, जाहिरात कधी’ यात जातात? (सदाशिव पेठेत ही चर्चा मी वर्षानुवर्षं ऐकतोय. चहाचे कप तेवढे लहान होत गेले.)

खुल्या प्रवर्गाला ३८ वर्षांपर्यंत परीक्षा देता येते, ही सोय आहे आणि फसगतही. नजर ३८ वर ठेवून बसलेल्या मुलांची बाकीची दारं कधी बंद होतात, त्यांनाच कळत नाही. सरकारी बँकांसाठी आयबीपीएस घेते त्या लिपिक भरतीला २८ ची मर्यादा. बँकांतल्या कृषी अधिकारी पदाला ३० ची, आणि ते पद तुझ्याच पदवीसाठी आहे. पत्रात त्याचा साधा उल्लेख नाही. गावात कुणी ‘साहेब’ म्हणणार नाही म्हणून? रागावू नकोस, पण याचं उत्तर स्वतःला दे.

त्यात २०२५ पासून राज्यसेवा मुख्य वर्णनात्मक झाली. १७५० गुण, निबंध, वैकल्पिक विषयाचे दोन पेपर. चार पर्यायांतून एक निवडायची सवय लागलेल्या हाताला आता पानंच्या पानं लिहावी लागणार. कृषी हा वैकल्पिक विषय घेता येतो, ही तुझी जमेची बाजू. म्हणून ‘आजच सोड’ असं मी म्हणत नाही. एक प्रयत्न नीट कर : रोज दोन उत्तरं लिही, दुसऱ्या कुणाकडून तपासून घे, आणि कृषी अधिकाऱ्याची जाहिरात आली की फॉर्म भर.

आता तिचं. तोडायचं की ठेवायचं हे तू एकटाच ठरवतोयस, जणू ती तुझा वैकल्पिक विषय आहे! तिला तारीख सांग. ‘अमुक महिन्यापर्यंत हा प्रयत्न, नाही जमलं तर मिळेल ती नोकरी, आणि दोन्हींपैकी काहीही झालं तरी तुझ्या घरी येऊन बोलतो.’ थांबायचं की नाही, ते मग ती ठरवेल. ‘नाही’ही म्हणेल कदाचित. इतकी वर्षं नुसतं ‘बघू’ ऐकलेल्या मुलीला तो हक्क आहे, आणि ते ऐकून घ्यायची तयारी ठेवूनच जा.

हे फोनवर नको. शनिवारी रात्री लातूरच्या गाडीत बस. परतताना अंबाजोगाईमार्गे केजला उतर आणि बहिणीच्या लग्नाची तारीख आईच्या तोंडून ऐक.