बॅचलर बटनला नुसती पानं येतात, फुलं नाहीत. कोणतं खत घालू?

कोणतंच घालू नका.

तुम्हीच लिहिलंय की कुंडीत निम्मं गांडूळखत आहे, वर दर पंधरवड्याला शेणाची स्लरी देता, रोपं गुडघ्याच्या वर गेली आणि आता लोळायला लागली. मग आणखी काय भरवायचंय त्यांना? बॅचलर बटन म्हणजे कॉर्नफ्लॉवर, हे मूळचं युरोपातल्या गव्हाच्या शेतातलं तण आहे. जास्त नत्र मिळालं की पानं माजतात, दांडे पोकळ-लेचेपेचे होतात आणि कळ्या उशिरा येतात.

हा विषय निघाला की मला आमचे थोरले भाऊजी आठवतात. त्यांचा बंगला सहकारनगरला, बाग गुलाबांची, आणि 'झाडाला खायला घाला' हा एकच मंत्र. आमचा कोथरूडला तळमजल्यावरचा फ्लॅट. कंपाउंडच्या भिंतीलगत हातभर रुंदीची पट्टी आमच्या वाट्याला आलेली, आणि तिच्यात बिल्डरने विटांचे तुकडे, चुना, सिमेंट असला सगळा राडारोडा पुरलेला. गुलाब तिथे तग धरेना. या फुलाला मात्र चुनखडीची, पाणी न धरणारी जमीन चालते, म्हणून मी दिवाळी झाल्यावर बी थेट तिथेच टाकलं. भाऊजी भाऊबीजेनंतर आले होते, बघून म्हणाले, "वहिनी, या खडीत काय उगवणार? आधी दोन पोती शेणखत घाला." मी हसून चहा ठेवला.

डिसेंबरात मी लग्नाला नागपूरला गेले. तेवढ्यात भाऊजींनी येऊन वॉचमनकरवी पट्टीत युरियाचं पाणी ओतवलं. मला न विचारता. पाइप पार्किंगपर्यंतच पोचला, म्हणून शेवटची चार-पाच रोपं सुटली. बाकीची महिनाभर हिरवीगार वाढली, मग आडवी पडली, आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा. सुटलेली रोपं बारीक, करड्या पानांची, दिसायला अगदी गरीब. पण जानेवारीअखेर निळी फुलं फक्त त्यांनाच. भाऊजींचं निदान काय, तर "पुण्याची हवा मानवत नाही." एकाच भिंतीला दोन हवा!

वर विचारलं, "पाण्यात नीळ घालता का?" लाल गुलाबात जे सायानिडिन नावाचं रंगद्रव्य असतं तेच या फुलात असतं, इथे त्याला लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियमची जोड मिळते म्हणून ते निळं दिसतं, असं मी सांगितलं. त्यांनी पेपर उघडला.

तर तुमच्या रोपांचं. स्लरी बंद. काड्या रोवून सुतळीचा आधार द्या. मावा असेल तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. कळ्यांभोवती मुंग्या दिसल्या तर लगेच पावडर मारू नका, या झाडाच्या कळ्यांखालच्या खवल्यांतूनच गोड रस पाझरतो. वरची माती सुकल्याशिवाय पाणी नको. फुलं आलीच तर सुकलेली खुडत राहा, म्हणजे नवी येतात.

पुढच्या वेळी पाऊस पूर्ण गेल्यावर, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात पेरा. बी मातीखाली साधारण एक सेंटिमीटर झाका, अंधारात चांगलं रुजतं. वीतभर अंतरावर विरळणी करा. नर्सरीतली रोपं आणायचा मोह टाळा. सोटमूळ दुखावलं की झाड रुसतं. जूनमध्ये पेरणारे लोक मला कळतच नाहीत.

अर्थात तुमच्या बाल्कनीत रोज पाच-सहा तास ऊन येत नसेल तर खत बंद करूनही फारसा फरक पडणार नाही. आणि अगदी वाळूसारख्या हलक्या मातीत मूठभर कुजलेलं शेणखत मीही पेरणीआधी घालेन, पण हे भाऊजींना सांगू नका.

अजून एक. बियांच्या पाकिटावर क्लोव्हरसारखं गोल, कागदी, जांभळं बोंड छापलेलं आहे का? पानं अंडाकृती, जोडीजोडीनं समोरासमोर आहेत का? असतील तर ते गोंफ्रेना. तेही याच नावानं विकतात. ते उन्हाळ्या-पावसाळ्यातलं झाड, त्याला जूनच बरा, आणि पेरणीचं मी वर लिहिलेलं सगळं तुमच्या उपयोगाचं नाही. स्लरी मात्र तरीही बंदच करा.