स्पीकर ‘बंद’ आहे, मग दिवा कसा लागलाय?

विचारणा अशी आहे: कॉम्प्युटरच्या स्पीकरचं बटण दाबलं, आवाज थांबला, तरी पुढचा बारीक लाल दिवा लागलेलाच राहतो. मुलगा म्हणतो, “अगं आई, बंद आहे तो.” सासूबाई म्हणतात, “दिवा लागलाय तर बंद कसा?” या अवस्थेला मराठीत काय म्हणायचं? आणि त्या बटणाला खटका म्हणावं की कळ?

मला सासूबाईंचं म्हणणं पटतं. आपण ‘लाईट गेली’ म्हणतो तेव्हा दिव्याबद्दल बोलतच नसतो. भर दुपारी, एकही दिवा लावलेला नसताना पंखा थांबला तरी तोंडातून ‘लाईट गेली’ हेच येतं. दिवा आणि वीज आपल्या बोलण्यात इतकी एकजीव झाली आहेत की दिवा दिसला म्हणजे आत वीज आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. सासूबाई तेच वाचताहेत, आणि बरोबर वाचताहेत.

मुलाचा ‘बंद’ही अस्सल मराठीच आहे, पण तो शब्द मुळातच सैल आहे. तो फारसीतून आला. मूळ अर्थ बांधलेला, म्हणजे संस्कृत ‘बंध’ त्याचा सख्खा नातेवाईक. दुकान बंद, रस्ता बंद, आठ दिवस दूध बंद, त्या दोघांचं बोलणं बंद. या सगळ्यांत चालणारं काहीतरी थांबलं, एवढंच कळतं. बंद दुकानात माल असतो आणि बोलणं बंद असलेल्या घरात माणसं असतात. शाळेच्या विज्ञानात तर उलटाच प्रकार: परिपथ ‘बंद’ असला तरच दिवा लागतो! तेव्हा ‘स्पीकर बंद आहे’ याचा अर्थ आवाज थांबला इतकाच. वीज तुटली, हे त्या शब्दात कुठेच नाही.

स्पीकरच्या पोटातही तेच घडत असतं. ज्या जुन्या स्पीकरच्या खोक्यात ट्रान्सफॉर्मर (विजेचा दाब कमी करणारा भाग) असतो, त्यातल्या बऱ्याच नमुन्यांत पुढचं बटण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, कमी दाबाच्या बाजूला बसवलेलं असतं. काहींत ते आवाजाच्या गोल बटणातच असतं, पार मागे फिरवलं की ‘टक्’ होतं. त्या टक्ने आवाज जातो, पण भिंतीतून येणारी वीज ट्रान्सफॉर्मरमध्ये फिरतच राहते. रात्रभर असा ‘बंद’ ठेवलेल्या खोक्यावर सकाळी तळहात ठेवून बघा, कोमट लागेल. दिवा स्वतः फारच थोडी वीज खातो, खरा खर्च त्या ऊबेचा. एक वॅट वर्षभर अखंड चालला तर 8.76 युनिट होतात.

हा घोळ फक्त मराठीतला नाही. युरोपीय संघाने 2008 च्या नियमात ‘ऑफ’ (बंद) आणि ‘स्टँडबाय’ (हाकेची वाट बघत थांबलेलं) अशा दोन वेगळ्या अवस्थांची व्याख्या केली आणि 2013 पासून दोन्हींना अर्ध्या वॅटची मर्यादा घातली (काही दाखवणारा पडदा असेल तर स्टँडबायला थोडी जास्त). त्या व्याख्येत ‘उपकरण बंद आहे’ एवढंच सांगणारा दिवा लागलेला असला तरी उपकरण ‘ऑफ’च धरलं जातं. म्हणजे तिथला कायदा मुलाच्या बाजूने!

आता मराठी शब्द. ‘सज्ज’ सुचवला जातो, पण सज्ज म्हणजे कंबर कसून उभा. ‘राखीव’ हा बाकावर बसलेला खेळाडू. मला ‘निजणे’ आवडतं. स्पीकर निजलाय: श्वास चालू आहे, अंग कोमट आहे, हाक मारली की उठेल. आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2004 च्या 1621 क्रमांकाच्या मानकानेही या अवस्थेसाठी झोपेचाच शब्द निवडला आणि खूण म्हणून चंद्रकोर दिली. ‘निद्रिस्त अवस्था’ मात्र नको. ते वाचायला ठीक, घरात कोणी म्हणणार नाही. आणि त्या दिव्याला ‘जागता दिवा’ म्हणावं. जागता पहारा आपल्याला ठाऊक आहेच. ‘नंदादीप’ मनात आला होता, पण देवापुढे अखंड तेवणाऱ्या दिव्याचं नाव इथे वापरायला मन होत नाही.

राहिला खटका. शब्दातच ‘खट्’ आहे. दाबल्यावर आत काहीतरी सुटल्याचं बोटाला कळतं, म्हणून बंदुकीलाही खटका असतो आणि माणसांत खटका उडतो. ज्याने वीज खरोखर तुटते, त्या भिंतीवरच्या स्विचला किंवा स्पीकरच्या मागच्या उभ्या रेघेच्या आणि गोलाच्या स्विचला मी खटका म्हणेन. (रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद.) पुढच्या मऊ दाबाच्या जागेला बटणच म्हणावं. कळ हा जुना, गोड शब्द आहे, पण ‘कळ दाबली’ हे आता बोलण्यापेक्षा छापलेल्या सूचनांतच जास्त भेटतं.

घरात रात्री कुणी विचारलं तर एवढंच सांगा: “स्पीकर निजलाय, बंद करायचा तर भिंतीवरचा खटका बंद कर.” खटका बंद केल्यावरही काही स्पीकरचा दिवा दोन-चार सेकंद रेंगाळतो, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठलेली असते. तेवढा वेळ सासूबाईंना थांबायला सांगा. त्या हळूहळू मंदावण्याला आपल्याकडे ‘मालवणे’ हे क्रियापद तयार आहे.